माळाला झाडं नकोत, त्याचं गवत द्या

पावसाळा आला की खड्डे खणणारी पथकं माळावर पोचतात. 2019 साली तर राज्याने एका हंगामात 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. झाड लावणाऱ्याला कोण नको म्हणणार? आम्ही म्हणतो. सुप्यापासून नान्नजपर्यंतच्या कमी पावसाच्या मुरमाड माळावर दाट जंगल कधी वाढणार नाही. तिथे लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक जगतात ते उघड्या गवतावर. ग्लिरिसिडियाच्या रांगांत त्यांचं काय काम?

या माळाची खरी मालमत्ता म्हणजे पवना, डोंगरी आणि मारवेल. ही बारमाही गवतं उन्हाळ्यात वरून वाळली तरी ठोंब जिवंत राहतो आणि मुळं माती धरून ठेवतात. चराई हाताबाहेर गेली की आधी हीच संपतात, कारण जनावरांना हीच आवडतात. मग कुसळी पसरते. कोवळी असेपर्यंत तीही चालते, पण कुसळं धरली की मेंढीच्या लोकरीत रुततात, तोंडाला टोचतात. त्यापुढे चार महिन्यांची फुटकळ गवतं, आणि शेवटी नुसता मुरूम.

हे उलटवता येतं. देवराईच्या कडेला, रेल्वेरुळालगत, गडाच्या उतारावर, जिथे जनावर फारसं पोचत नाही तिथे ही गवतं अजून सापडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांचं बी पिकू लागतं. ते ओंब्यांवरून हाताने ओरपून घ्या, पण निम्मं तिथेच राहू द्या. ताजं बी नीट उगवत नाही, म्हणून कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवून पुढच्या मृगाला पेरा. हलकं, केसाळ बी वाऱ्याने उडतं आणि एकमेकांत गुंततं. माती-शेणात कालवून त्याच्या गोळ्या करा. खोल गाडू नका, वर मातीचा पातळ थर पुरे. मारवेलचे ठोंब लावले तर आणखी लवकर जम बसतो. संकरित नेपियर चांगलं, पण ते विहिरीजवळ. माळावर त्याला पाणी कोण देणार?

पहिल्या वर्षी चराई बंद ठेवा. दुसऱ्या वर्षी बी झडल्यावर कापणी करा. मात्र कुंपण घालण्याआधी धनगरांना बोलवा. कोणता तुकडा कधी मोकळा ठेवायचा हे त्यांना कळतं. त्यांना वगळून राखलेलं कुरण एका रात्रीत चारलं जातं, आणि तक्रार करायला आपल्याला तोंड उरत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष जाहीर केलं आहे. आपल्या गावात त्याचा उपयोग एवढाच: 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गायरानातले चार एकर गवतासाठी राखण्याचा ठराव मांडा. नोंदीत ‘पडीक’ लिहिलेली जमीन आज झाडांसाठी, उद्या सौर पॅनेलसाठी मागितली जाईल. त्याआधी ठराव झालेला बरा. बी गोळा करायला शाळेतली पोरं घ्या. तोवर ते पिकायला आलेलं असेल.