पक्षविरहित मतपत्रिका कोणाच्या सोयीची?

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन हे मध्यम आकाराचे औद्योगिक शहर. २०२०च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ३७ हजार होती. महापौर धरून पाच जणांचे नगरमंडळ या शहराचा कारभार पाहते. ते निवडण्यासाठी मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडते तिच्यावर उमेदवारांची केवळ नावे असतात. पक्षाचे नाव नाही, पक्षाची खूण नाही. डेटन याला अपवाद नव्हे. अमेरिकेतील सुमारे तीन-चतुर्थांश शहरे आपला महापौर आणि आपले नगरसेवक याच रीतीने निवडतात. स्थानिक कारभाराला पक्षीय चिखलापासून दूर ठेवणारी थोर सुधारणा म्हणून या पद्धतीचा गौरव होतो. रस्ता झाडण्यात आणि गटार बांधण्यात पक्षाचा संबंध काय, हा तिच्या पुरस्कर्त्यांचा आवडता सवाल आहे. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु कोणतीही सुधारणा कोणी आणली, कोणत्या घडीला आणली आणि तिच्या परिणामी सभागृहाबाहेर कोण फेकले गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज तिचे मोल ठरवता येत नाही. डेटनचा इतिहास ही उत्तरे विलक्षण स्पष्टपणे देतो.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या व्यवस्थेविरुद्ध ही सुधारणा उभी राहिली ती व्यवस्था निर्मळ नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शहरांत दोन्ही मोठ्या पक्षांची जी यंत्रे चालत, त्यांत नोकऱ्यांची खिरापत, ठेक्यांतील टक्केवारी आणि मतांची खरेदी या नित्याच्या बाबी होत्या. वॉर्डाचा पुढारी गरीब स्थलांतरिताला हिवाळ्यात कोळसा देई, पोराला कामाला लावी आणि त्या बदल्यात त्याचे मत कायमचे गहाण ठेवून घेई. या यंत्राचे गोडवे गाण्याचे कारण समाजवाद्यांना कधीच नव्हते. त्याचा पहिला मार त्यांनीच खाल्ला होता. प्रश्न असा की हे यंत्र मोडताना त्याच्या जागी काय बसवले गेले.

१९११ साली डेटनमध्ये वॉर्डवार निवडणूक झाली. समाजवादी पक्षाला सुमारे २५ टक्के मते मिळाली आणि कामगारवस्तीतून त्याचे दोन नगरसेवक निवडून आले. कारखान्यांच्या या गावात ही घटना मालकवर्गाला अस्वस्थ करणारी होती. शहरातील सर्वांत बलाढ्य उद्योग म्हणजे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी. तिचे प्रमुख जॉन पॅटर्सन हे शहराचा कारभार एखाद्या व्यापारी संस्थेसारखा चालवला पाहिजे असे १८९०च्या दशकापासून सांगत आले होते. मार्च १९१३मध्ये मायामी नदीला महापूर आला, शहर बुडाले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. पॅटर्सन यांनी आपल्या कारखान्यात होड्या बांधून घेतल्या, निराश्रितांना आसरा दिला, अन्न दिले. हे काम खरे होते आणि लोकांनी त्याची कृतज्ञता मानली, यात गैर काही नाही. मात्र याच गृहस्थांना अवघ्या महिनाभरापूर्वी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली शिक्षा ठोठावण्यात आली होती. ती पुढे १९१५मध्ये अपिलात रद्द झाली. पुराने एका आरोपी मक्तेदाराला शहराचा त्राता बनवले आणि त्या पुण्याईच्या बळावर त्याच वर्षी नवी नगरसनद मंजूर झाली.

या सनदेने तीन गोष्टी केल्या. वॉर्ड रद्द करून सबंध शहराचा एकच मतदारसंघ केला. मतपत्रिकेवरून पक्षांची नावे पुसली. आणि प्रत्यक्ष कारभार निवडून न आलेल्या, पगारी नगरव्यवस्थापकाच्या हाती दिला. १९१३च्या अखेरीस या सनदेखाली पहिली निवडणूक झाली. समाजवाद्यांची मते २५ टक्क्यांवरून सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत वाढली, आणि त्यांचा एकही उमेदवार निवडून आला नाही. पाचही जागा व्यापारी-उद्योजकांनी पुरस्कारलेल्या यादीला मिळाल्या. १९१७ साली, अमेरिका महायुद्धात उतरल्यानंतर, युद्धाला विरोध करणाऱ्या समाजवादी पक्षाला डेटनमध्ये सुमारे ४४ टक्के मते पडली. जागा पुन्हा शून्य!

हा चमत्कार नव्हे, साधा हिशेब आहे. वॉर्डपद्धतीत ज्या वस्तीत कामगार दाट राहतात तेथे त्यांचे मत निर्णायक ठरते. शंभरांपैकी पंचवीस मतेही काही वॉर्डांत बहुमत होऊ शकतात. सबंध शहर एकच मतदारसंघ झाले की छप्पन मतांची बाजू सगळ्या जागा घेऊन जाते आणि चव्वेचाळीस मते मोजली जाऊनही वाया जातात. शिवाय वॉर्डात पायी फिरून प्रचार करणाऱ्या कामगाराला आता अख्ख्या शहरभर आपले नाव पोहोचवावे लागते, आणि त्यासाठी लागतो पैसा. ज्याच्यापाशी वृत्तपत्र आहे, व्यापारी मंडळाचा पाठिंबा आहे, ज्याचे आडनाव दुकानांच्या पाट्यांवर आधीच झळकते आहे, त्याला हे अवघड नसते.

नव्या कारभाराने काहीच भले केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिले नगरव्यवस्थापक हेन्री वेट हे जाणकार अभियंता होते. हिशेब चोख झाले, सार्वजनिक आरोग्याकडे लक्ष गेले, उद्याने वाढली. पण कार्यक्षमता आणि लोकशाही ही एकाच वस्तूची दोन नावे नव्हेत. रस्ता कसा बांधावा हा अभियंत्याचा प्रश्न आहे. रस्ता प्रथम कोणत्या वस्तीत बांधावा, त्याचा कर कोणाच्या माथी मारावा, पाण्याचा दर कारखान्याला किती आणि झोपडीला किती, हे राजकारणाचे प्रश्न आहेत. त्यांना तांत्रिक म्हटल्याने ते तांत्रिक होत नाहीत. एवढेच होते की त्यांचे उत्तर बंद दाराआड ठरते आणि त्या उत्तराला आव्हान देण्याची जागा लोकांच्या हातून निसटते.

मतपत्रिकेवरील पक्षाचे नाव हे गरिबाचे ज्ञानसाधन असते, ही गोष्ट सुशिक्षित सुधारकांच्या ध्यानी सहसा येत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दहा उमेदवारांची चरित्रे वाचण्यास सवड नसते. पक्षाचे नाव पाहून तो उमेदवार साधारण कोणाच्या बाजूने उभा राहील याचा अंदाज बांधतो, आणि फसवणूक झाल्यास पुढच्या खेपेस त्या पक्षाला धडा शिकवतो. ते नाव काढून घेतले की तो ओळखीच्या नावाला किंवा खुर्चीवर बसलेल्या माणसाला मत देतो, नाहीतर घरी बसतो. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी पक्षीय आणि पक्षविरहित निवडणुकांची तुलना करून नेमके हेच नोंदवले आहे: मतदान घटते आणि विद्यमान सभासदाचा लाभ वाढतो. त्यात डेटनसारख्या अनेक शहरांच्या निवडणुका विषम सालांत, म्हणजे अध्यक्षपदाच्या वा काँग्रेसच्या निवडणुका नसताना, घेतल्या जातात. मतकेंद्रे ओस पडतात, आणि जे थोडके येतात त्यांत घरमालक, वयस्क आणि सुस्थित यांचा भरणा अधिक असतो.

सबंध शहराच्या एकाच मतदारसंघाचा मार केवळ कामगारांवर पडला असे नाही. दक्षिणेतील अलाबामा राज्यातील मोबिल शहरात १९११ पासून शहरव्यापी मतदानाने तीन जणांचे नगरमंडळ निवडले जाई. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे एक-तृतीयांश असूनही त्यांचा एकही प्रतिनिधी कधी निवडून आला नव्हता. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १९८०मध्ये न्यायालयाने भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची अट घातली. काँग्रेसने १९८२मध्ये मतदान हक्क कायदा दुरुस्त करून परिणाम पुरेसा मानला, आणि १९८५मध्ये मोबिलने विभागवार निवडणूक स्वीकारली. मग कृष्णवर्णीय प्रतिनिधी सभागृहात बसले. तीच माणसे, तेच शहर. बदलली ती फक्त मते मोजण्याची चौकट.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. विस्कॉन्सिनमधील मिल्वॉकी शहराने १९१०मध्ये एमिल सायडेल यांना महापौर निवडले. तो अमेरिकेतील मोठ्या शहराचा पहिला समाजवादी महापौर. घाबरलेल्या राज्य विधिमंडळाने १९१२मध्ये शहरांच्या निवडणुका पक्षविरहित केल्या. तरीही १९१६मध्ये समाजवादी डॅनिएल होन निवडून आले आणि तब्बल २४ वर्षे महापौर राहिले. पुढे १९४८ ते १९६० या काळात फ्रँक झाइडलर हे तिसरे समाजवादी महापौर झाले. तेव्हा पक्षविरहित मतपत्रिका ही अभेद्य भिंत नव्हे. पण मिल्वॉकीत हे घडले कसे? कामगार संघटना आणि पक्ष तेथे एकजीव होते. पक्षाचे स्वयंसेवक भल्या पहाटे घरोघर, ज्या त्या कुटुंबाच्या भाषेत, पत्रके टाकत. मतपत्रिकेवरून पुसलेले नाव त्यांनी माणसांच्या मनावर कोरले होते. निष्कर्ष असा की पक्षविरहित निवडणुकीतही संघटित पक्षच जिंकतो. ज्यांची संघटना नसते त्यांना मात्र ती निःशस्त्र करून टाकते, आणि धनिकांना संघटनेची गरज नसते.

याचा ताजा पुरावा कॅलिफोर्नियातील रिचमंड शहराने दिला आहे. सुमारे १ लाख १६ हजार वस्तीच्या या शहरात शेव्हरॉन कंपनीचा प्रचंड तेलशुद्धी कारखाना आहे. ऑगस्ट २०१२मध्ये तेथे लागलेल्या आगीच्या धुरामुळे सुमारे पंधरा हजार लोकांना दवाखाने गाठावे लागले. २०१४च्या पक्षविरहित नगरनिवडणुकीत या कंपनीने आपल्या पसंतीच्या उमेदवारांसाठी आणि विरोधकांच्या बदनामीसाठी सुमारे ३० लाख डॉलर ओतले. मतपत्रिकेवर पक्ष नव्हता, पण भिंतीभिंतीवर कंपनीचा पैसा होता! तरीही कंपनीचे उमेदवार पडले. कारण रिचमंड प्रोग्रेसिव्ह अलायन्स ही नागरिकांची आघाडी दहा वर्षे वस्त्यांतून काम करीत होती. तिचे उमेदवार कंपन्यांकडून देणग्या न घेण्याची शपथ घेत होते. २०१६मध्ये या शहराने मतदानाने घरभाडेनियंत्रण आणले. २०२४मध्ये शुद्धीकरणावर कर बसवण्याचा ठराव लोकांपुढे जाणार असे दिसताच, तो मागे घ्यावा म्हणून कंपनीने शहराला दहा वर्षांत ५५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. कागदावर ही आघाडी पक्ष नव्हती. व्यवहारात तिने तेच केले जे पक्षाने करावयाचे असते: कार्यक्रम मांडला, माणसे बांधली आणि निवडून आलेल्यांना जाब विचारला.

भारतीय वाचकाला या ठिकाणी जयप्रकाश नारायण यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तरुणपणी ते शिकले ते ओहायो आणि विस्कॉन्सिन याच राज्यांच्या विद्यापीठांत, आणि पुढे १९५९मध्ये पक्षविरहित लोकशाहीची मांडणी त्यांनीच केली. परंतु त्यांच्या कल्पनेचा पाया ग्रामसभा होता. समोरासमोर बसून निर्णय घेणाऱ्या लोकांना पक्षाची मध्यस्थी लागू नये, अशी ती आकांक्षा होती. डेटनच्या सनदेने पक्ष काढला, पण त्याच्या जागी ग्रामसभा बसवली नाही, व्यवस्थापक बसवला. लोकशक्तीच्या बळावर पक्षाची गरज संपणे वेगळे, आणि मालकांच्या सोयीसाठी पक्षाचे नाव खोडणे वेगळे. महाराष्ट्रातही ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत. तरी कोणते पॅनेल कोणत्या पुढाऱ्याचे, कोणत्या कारखान्याचे, हे गावातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ज्याला ते लेखी स्वरूपात विचारता येत नाही, तो असतो फक्त मतदार.

पक्षांतील भ्रष्टाचार, घराणेशाही आणि संधिसाधूपणा यांचा वीट येऊन अनेक प्रामाणिक माणसे आज "राजकारण नको, चांगली माणसे हवीत" असे म्हणू लागतात. त्यांची चीड खरी आहे, पण त्यांचे औषध डेटनने शंभर वर्षांपूर्वी घेऊन पाहिले आहे. आजार पक्षात लोकशाही नसण्याचा आहे. उपाय पक्षात लोकशाही आणणे हा आहे, मतपत्रिकेवरून पक्ष घालवणे हा नव्हे. वॉर्ड असावेत, मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, निवडणुकीतील थैलीला लगाम असावा, आणि उमेदवार कोणाच्या बाजूने उभा आहे हे त्याच्या नावापुढे स्पष्ट छापलेले असावे.

डेटनच्या कहाणीचा शेवट तिच्या आरंभाइतकाच बोलका आहे. १९६०मध्ये या शहराची वस्ती २ लाख ६२ हजार होती. त्यानंतर कारखाने एकामागून एक उठले आणि साठ वर्षांत वस्ती जवळजवळ निम्म्यावर आली. ज्या कंपनीच्या धन्याने शहराचा कारभार व्यापारी शिस्तीने चालवण्याचा ध्यास घेतला होता, त्याच कंपनीने २००९मध्ये आपले मुख्यालय उचलून जॉर्जिया राज्यात नेण्याचे जाहीर केले. व्यापारी शिस्तीला हे धरूनच झाले. भांडवलाला गाव नसते. गावात मागे राहिले ते कामगार, त्यांची मुले आणि पक्षाचे नाव नसलेली ती मतपत्रिका.