भिजू द्या की सॅक!

"बीडात कुठला आलाय पाऊस?"

हे वाक्य फेकणाऱ्याला एकदा सप्टेंबरात सौताड्याच्या दरीत उभं करावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं दरीच्या कडेने भटकत होतो. पाठीवर माझी जुनी कॅनव्हासची सॅक. सकाळी चांगलं ऊन. दुपारी आभाळ भरून आलं आणि तासभर असा कोसळला, की समोरचा विंचरणेचा धबधबाही दिसेना. मी निर्धास्त होतो. आठवडाभर आधी सॅकला मेण चोळलं होतं, वरून रेनकव्हर चढवलं होतं. पाऊस थांबल्यावर सॅक उघडली. कपडे ओले, काडेपेटी ओली, बिस्किटांचा लगदा. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे अण्णा लटलट कापत होते आणि त्यांना द्यायला एक कोरडा शर्ट नव्हता. अशी लाज मला क्वचितच वाटली असेल.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. सॅक कोरडी ठेवायचा सगळा खटाटोप फुकट आहे. मेण लावा, फवारे मारा, महागडं कव्हर घ्या... पाणी शिरणारच. कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि मानेवरून ओघळलेलं पाणी नेमकं तिथेच उतरतं. शिलाईत सुईची भोकं असतात. मेण घडीवर तडकतं. सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगतात आणि वीण घट्ट होते हे खरं, पण आतून सामान त्याला टेकलेलं असलं की तिथून ओल झिरपतेच. आणि सॅकमध्ये सामान टेकलेलंच असतं!

मग करायचं काय? सॅक भिजू द्यायची. सामान आतल्या पिशवीत ठेवायचं.

यात नवीन काही नाही, मंडळी. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते, तेव्हा वारकऱ्यांची वळकटी बघा. आधी प्लॅस्टिकचा कागद, मग वरून बांधाबांध. पखवाजाला तर माणसाच्या आधी कागद मिळतो, कारण कातडं ओलावलं की बोल बसतो. एवढं कशाला, युरियाची गोणी बघा. युरिया हवेतली ओल ओढतो, म्हणून विणलेल्या गोणीला प्लॅस्टिकचं अस्तर असतं. खत बनवणारासुद्धा नुसत्या विणीवर विसंबत नाही, आणि आपण कॅनव्हासवर विसंबतो!

प्लॅस्टिकच्या दुकानातून सॅकच्या तोंडापेक्षा वीतभर उंच अशी जाड, कोरी पिशवी आणा. (खताची रिकामी गोणी नको, खाण्याच्या वस्तू असतात.) सामान भरून हवा काढा, तोंड पिळा, दुमडा आणि सुतळीने बांधा. एक शर्ट, काडेपेटी आणि औषधं दुसऱ्या छोट्या पिशवीत. म्हणजे पावसात मोठी पिशवी उघडावी लागली तरी एवढं तरी वाचतं. ओला रुमाल, ओली टोपी आत कोंबायची नाही. ओल आत कोंडली की बाहेर जायला वाट नसते. घरी आल्यावर सॅक रिकामी करून सावलीत उलटी टांगा. ओली घडी घातलीत तर बुरशीचे काळे डाग पडतील आणि पुढे कापड कुजेल.

"अहो, पण आपल्याकडे एवढं कशाला?" हे वर पुन्हा आहेच. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरी डोक्यावर पडत नाही, पाऊस पडतो! ती महिनोन् महिने रिमझिम पडून भरत नाही. मधले आठवडे कोरडे जातात आणि एखाद्या दुपारी सगळं उट्टं निघतं. २०१६ च्या उन्हाळ्यात इथे जनावरं छावण्यांत होती आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा शेतांत शिरली होती. जिल्हा तोच. दुष्काळाची सवय झालेला माणूस पावसाची तयारी करत नाही आणि मग तासाभराच्या सरीत गाठला जातो.

परवा अण्णांना घेऊन कपिलधारला गेलो. वाटेत धो धो आला. सॅक चिंब, वजनाला दुप्पट वाटावी अशी. पिशवीची सुतळी सोडली आणि अण्णांच्या हातात शर्ट दिला. त्यांनी तो गालाला लावून बघितला.

"कोरडा आहे रे!" म्हणाले.

बास. आणखी काय पाहिजे?