पावतीपुस्तक घरात नको

मैत्रिणींनो, निवडणूक जवळ आली की आपल्या जवळा बाजारसारख्या गावात वर्गणीची पावतीपुस्तकं फिरू लागतात. ज्या घरात गुरुजी, कारकून नाहीतर तलाठी राहतात, तिथं तर हमखास. "वहिनी, साहेब नसले तरी चालेल, तुमच्या नावानं फाडतो," असं म्हणत पावती पुढं होते. वर आणखी, "गुरुजींनी चार पालकांना शब्द टाकला तर बरं होईल." दाराशी आपणच असतो, म्हणून नियम आपल्यालाही ठाऊक हवा.

सरकारी नोकरांसाठी १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम आहेत. जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठी १९६७ चे वेगळे आहेत. मतलब एकच. पक्षाचं सभासद व्हायचं नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही, त्याच्यासाठी पैसे गोळा करायचे नाहीत. मत जरूर द्यावं, पण कुणाला दिलं ते बोलू नये.

हा जाच वाटतो का? जरा विचार करा. ज्यांच्या हाती आपल्या मुलाचे मार्क, ज्यांच्या सहीवाचून दाखला मिळत नाही, त्यांनी शंभर रुपये मागितले तर नाही म्हणायची छाती कुणाची? साहेबांनी शिपायाकडं मागितले तर तो बिचारा काय करील? ती वर्गणी नव्हे, भीतीची किंमत झाली.

"मग ध्वजदिनाचा निधी कसा चालतो?" असं कुणी विचारील. तो सैनिकांच्या कल्याणासाठी, सरकारच्याच आदेशानं जमवतात. पक्षाची पेटी वेगळी.

आता आपल्या बायकांचा प्रश्न. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. त्यामुळं नोकरदाराची बायकोही उभी राहते. खुशाल राहावं! नोकरी यजमानांची आहे, तिची नाही. पण यजमानांनी तिचा प्रचार करायचा नाही, तिच्यासाठी पैसा जमवायचा नाही. ग्रामपंचायतीलाही हे लागू आहे. निवडणुकीचं चिन्ह नोकरदारानं अंगावर, गाडीवर किंवा राहत्या घरावर लावलं तरी तो प्रचारच धरतात.

घर तर दोघांचं, इथंच पेच येतो. तेव्हा उमेदवार बाईनं प्रचाराची बैठक दुसरीकडं मांडावी. पैशांचा व्यवहार स्वतः पाहावा आणि वही रोजच्या रोज लिहावी, कारण खर्चाचा हिशेब तिलाच द्यायचा असतो.

आणि ती "तुमच्या नावानं" पावती? तुम्ही सरकारी नोकरीत नसाल आणि पैसा तुमच्या कमाईचा असेल, तर द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण यांच्या पगारातले पैसे आणि नाव आपलं, ही पळवाट झाली. उद्या चौकशी लागली तर उत्तर यांनाच द्यावं लागेल, आणि घर चालतं ते त्याच पगारावर.

दाराशी आलेल्याला दुखवायचं कारण नाही. पाणी द्या, चहा विचारा आणि सरळ सांगा, "भाऊजी, या घरात पक्षाची पावती फाडत नाही, कुणाचीच नाही." मात्र ते "कुणाचीच" खरं असू द्या. एकाला नाही आणि दुसऱ्याला गुपचूप हो केलंत, तर गावात झाकून राहत नाही.