कागद वाऱ्याने फाटत नाही

पॉलिहाऊसचा कागद फाटला की आपण वाऱ्याला शिव्या घालतो. पण वारा शेवटी येतो. कागद त्याआधीच उन्हाने मेलेला असतो.

पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण त्या तोडतात. एक कडी तुटली की तिथे हवेतला प्राणवायू शिरतो आणि मग तुटण्याची रांगच लागते. कागद कडक होतो, चोळला की तुकडे पडतात. हे लांबवण्यासाठी कारखान्यात प्लॅस्टिकच्या दाण्यांत रक्षक रसायने मिसळतात. ठिबकच्या नळीत सुमारे अडीच टक्के काजळी असते. नळी काळी असते ती त्यामुळेच. पॉलिहाऊसला काजळी चालत नाही, पिकाला उजेड लागतो. तिथे 'हाल्स' गटातली रसायने घालतात. तुटलेल्या कड्या पकडायच्या आणि पुन्हा कामाला लागायचे, हे त्यांचे काम. या गटातले एक जुने, नावाजलेले रसायन बनवताना सेबॅसिक आम्ल लागते, आणि ते येते एरंडेल तेलापासून. म्हणजे शेतातला एरंड असा फिरून शेतावर येतो!

हे रसायन महाग असते. लबाडी करायची झाली तर हात मारायला हीच जागा. आपण मात्र विचारतो काय? "किती मायक्रॉनचा?" जाडी मोजता येते हो, पण रसायन डोळ्याला दिसत नाही. दोनशे मायक्रॉनचा कागदसुद्धा रसायन कमी असेल तर लवकर जातो.

आता माझीच चूक सांगतो. एका ढोबळी मिरचीच्या पॉलिहाऊसमध्ये भुरीसाठी गंधकाची धुरी द्या, असे मीच सांगितले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात कागद फाटला. विक्रेता म्हणाला, "धुरी दिलीत, हमी संपली." हमीपत्र पाहिले तर तसे लिहिले होते, बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. 'हाल्स' अल्कधर्मी असते. गंधकाच्या धुराचे आम्ल झाले की ते त्याला निकामी करते. क्लोरीन असलेली काही औषधेही तेच करतात. हे मला ठाऊक असायला हवे होते. बँकेचा हप्ता मात्र त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिला.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे. अनुदानाच्या तपासणीत नुसती जाडी मोजून भागणार नाही. प्रत्येक लॉटचा नमुना प्रयोगशाळेतल्या कृत्रिम उन्हात तपासलेला असावा आणि तो अहवाल शेतकऱ्याच्या हाती पडावा. हमीपत्र मराठीत असावे. गंधक, क्लोरीन किती चालते ते त्यात ठळक लिहावे. आणि आम्ही विस्तारवाल्यांनी फवारणी सांगताना पिकाबरोबर कागदाचाही विचार करावा.

तोवर तुम्ही एवढे करा. बिलावर अतिनील संरक्षण आणि हमीची वर्षे लिहून घ्या. लोखंडी पाइप तापतो, कागद आधी तिथेच जातो. पाइपाला वरून पांढरा रंग द्या. उरलेला रोल सावलीत ठेवा. नव्या कागदाचा हातभर तुकडा, बिल आणि हमीपत्र एकत्र जपून ठेवा. उद्या भांडायची वेळ आली तर वाऱ्याची साक्ष चालत नाही, कागदाची चालते.