हॅम्लेटला बालपण नसते

मराठी हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याने बी.ए.ला सोबत काय घ्यावे, हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये विचारला जातो आणि मराठीचे अध्यापक दरवर्षी तेच उत्तर देतात : ‘मानसशास्त्र घे, पात्रे समजतील.’ मीही अनेक वर्षे हेच सांगत आलो. आज मला तो सल्ला मागे घ्यायचा आहे. विषय वाईट नाही. त्यासाठी आपण देतो ते कारण वाईट आहे, आणि वाईट कारणासाठी घेतलेला विषय विद्यार्थी त्याच कारणापुरता वाचतो.

पात्रे समजतील म्हणजे नेमके काय होईल? आपल्या चर्चासत्रांतले निबंध चाळले की उत्तर मिळते. नायकाला ईडिपस गंड, नायिकेला न्यूनगंड, खलनायकाच्या ठिकाणी दमित वासना. शिक्का मारला की समीक्षा संपली. या रीतीचा थोर पूर्वज म्हणजे अर्नेस्ट जोन्स. हॅम्लेट काकाला मारण्यात चालढकल का करतो, याचे मूळ त्याने हॅम्लेटच्या बालपणीच्या इच्छांत शोधले. 1910 साली मांडलेला हा विचार 1949 साली पुस्तकरूपाने विस्तारला. वाचायला तो प्रकार विलक्षण आहे, यात शंका नाही. पण हॅम्लेटला बालपण नसते. शेक्सपिअरने जेवढे लिहिले तेवढाच हॅम्लेट आहे. लेडी मॅक्बेथला मुले किती, असा खोचक प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारून एल. सी. नाइट्सने 1933 साली पात्रांना हाडामांसाची माणसे समजणाऱ्या समीक्षेची खिल्ली उडवली होती. आपल्याकडे मात्र ती मुले अजून मोजली जात आहेत.

गंमत अशी की शेजारच्या वर्गात, मानसशास्त्राच्या तासाला, हाच फ्रॉइड व्यक्तिमत्त्वाच्या अनेक उपपत्तींपैकी एक म्हणून येतो, त्याच्या विधानांची चाचणी घेणे किती अवघड आहे या आक्षेपासह. त्या वर्गात ज्याच्याविषयी शंका घ्यायला शिकवतात, त्याला आपल्या वर्गात प्रमाण मानले जाते. (फ्रॉइडला 1930 साली मिळालेले गटे पारितोषिक त्याच्या गद्याचाही गौरव होता, हे त्याचे वाचक म्हणून आपण आनंदाने मान्य करावे. पण लेखक म्हणून थोर असणे निराळे आणि मनाविषयीचा पुरावा असणे निराळे.)

साहित्याच्या विद्यार्थ्याने मानसशास्त्र घ्यावे ते वाचकासाठी. केंब्रिजमधल्या दोन गोष्टी मी शेजारी-शेजारी ठेवतो. आय. ए. रिचर्ड्सने विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांच्याकडून मोकळी टिपणे लिहून घेतली. 1929 साली प्रसिद्ध झालेल्या त्या टिपणांतून दिसले ते असे की साहित्याच्या चांगल्या विद्यार्थ्यांनाही कवितेचा साधा वाच्यार्थ अनेकदा लागत नाही, आणि ठरावीक भावनांचे साचे शब्दांच्या आधीच धावून येतात. तिथल्याच मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बार्टलेट लोकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा वाचायला देत होता आणि काही मिनिटांनी, काही दिवसांनी, काही महिन्यांनी ती आठवून लिहायला सांगत होता. 1932 च्या त्याच्या ग्रंथात ती कथा कशी झिजत जाते ते दिसते : लांबी घटते, अपरिचित होडीची ओळखीची नाव होते, भुतांचा संबंध कळेनासा झाला की भुतेच गळतात, आणि उरते ती वाचणाऱ्याच्या संस्कृतीला पटेल अशी गोष्ट. वाचन म्हणजे काय, याविषयी या दोन पुस्तकांइतके आपल्याला थोड्यांनीच शिकवले असेल. आपल्या पदवी अभ्यासक्रमात रिचर्ड्स साहित्यविचाराच्या पेपरात येतो, बार्टलेट स्मृतीच्या प्रकरणात, आणि हे दोघे एकाच गावचे होते हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

परिणाम आपल्या समीक्षेच्या भाषेत पाहावा. ‘येथे वाचक अंतर्मुख होतो’, ‘ही प्रतिमा वाचकाला हादरवून टाकते’. कोणता वाचक? किती जणांना विचारले? अभिनवगुप्ताचा सहृदय हा एक आदर्श आहे आणि तो कसा घडतो हेही अभिनवगुप्त सांगतो. आपला ‘वाचक’ म्हणजे बहुधा लेख लिहिणारे गृहस्थ स्वतःच असतात. प्रथमपुरुषी बोलण्याचा संकोच वाटतो, म्हणून ते तृतीयपुरुषी हादरतात.

मानसशास्त्रवाल्यांनीही फार खूश होऊ नये. पदवीच्या काळात एका मैत्रिणीच्या प्रयोगासाठी मी ‘प्रयुक्त’ झालो होतो, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतात तो. एबिंगहाऊसच्या परंपरेतले निरर्थक शब्दावयव पाठ करायचे होते. माझे आकडे आलेखात नीट बसेनात, तेव्हा प्रयोगवहीत दुसरे आकडे गेले आणि आलेख पुस्तकातल्यासारखा उतरला. जे शास्त्र शंका घ्यायला शिकवण्यासाठी आहे, त्याच्या तासाला आम्ही दोघे पुरावा बनवायला शिकलो. आणि मनात भरणे, मन विटणे, मन खाणे असे बारकावे असणाऱ्या भाषेत ‘अभिसंधान’ आणि ‘प्रबलन’ यांच्या व्याख्या घोकायच्या, याचा जाच मराठी माध्यमातल्या मुलांना विचारावा.

त्या पुस्तकांना साहित्याचा विद्यार्थीच उपयोगी पडला असता, कारण ती गोष्टींनी भरलेली आहेत. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. 38 साक्षीदार पाहत राहिले आणि कोणी मदतीला आले नाही, ही कथा पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांनी पाठ केली. 2007 साली तीन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की 38 जणांनी निष्क्रियपणे पाहिल्याला पुरावाच नाही. मूळ वृत्तपत्रीय कथनच फसवे होते. निवेदक कोण, त्याला हे कसे कळले, हा आपल्या वर्गातला पहिल्या वर्षाचा प्रश्न तिथे चाळीस वर्षे पुरेसा कोणी विचारला नाही. 2015 साली मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा त्यांतल्या सुमारे 36 टक्क्यांतच सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष पुन्हा मिळाला. या शास्त्राने आपले अपयश स्वतःच मोजले आणि छापले. आपल्या ज्ञानशाखेत असे कधी घडल्याचे मला आठवत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात विषयांना ‘मुख्य’ आणि ‘गौण’ अशी नावे मिळाली आहेत. नावे काहीही असोत, मराठीच्या वर्गात एक गोष्ट उद्याही करता येईल. ‘लीळाचरित्रा’तली एखादी अपरिचित लीळा दोनदा वाचून दाखवावी आणि आठ दिवसांनी पुस्तक न उघडता विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी. काय गळले, काय नव्याने आले, चक्रधरांच्या तोंडी कोणाची भाषा गेली, हे सर्वांनी मिळून पाहावे. अध्यापकांनीही लिहावे, आणि आपला कागद सर्वांत आधी वाचावा. त्या तासाला मानसशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही बोलवावे. बहुतेक महाविद्यालयांत त्यांची खोली आपल्याच मजल्यावर असते.