येलचा वर्ग

सेमिनरीत असताना अमेरिकेचा इतिहास आम्ही दीड पानात आटोपला होता. वॉशिंग्टन, लिंकन आणि परीक्षा! ती उणीव आता चाळिशी उलटल्यावर भरून निघत आहे, आणि तीही घरबसल्या. तेथील येल विद्यापीठाने प्राध्यापक डेव्हिड ब्लाइट यांची यादवी युद्धावरील २७ व्याख्याने २००८ साली भर वर्गात मुद्रित करून जगाला फुकट खुली केली. रात्रीच्या जपमाळेनंतर आम्ही ती मोबाइलवर ऐकतो. प्रारंभी उच्चार कानी बसेनात, तेव्हा विद्यापीठानेच दिलेली लिखित संहिता समोर ठेवली. न समजलेले वाक्य चारदा ऐकावे. प्रत्यक्ष वर्गातील विद्यार्थ्याला हे भाग्य कोठले? उणीव एकच, गुरुजींना शंका विचारता येत नाही.

हल्ली गावातील एक कॉलेजकुमारही ऐकावयास येऊन बसतो. त्याच्या शंका साहजिकच आमच्या वाट्याला येतात.

ड्रेड स्कॉट हा मिसुरीतील गुलाम. धन्याने त्याला गुलामगिरीस बंदी असलेल्या प्रदेशात नेऊन काही वर्षे ठेवले होते. त्या आधारावर आपण मुक्त झालो, असा दावा त्याने १८४६ साली लावला. अकरा वर्षांनी, ६ मार्च १८५७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, काळा मनुष्य, मग तो मुक्त का असेना, अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही. सबब त्याला दावा लावण्याचा अधिकार नाही. पुढे १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने हा निकाल पुसला. परंतु मध्यंतरी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉजर टॉनी हे त्या न्यायालयातील पहिले कॅथलिक न्यायाधीश. एरव्ही हे आम्ही अभिमानाने सांगितले असते! स्वतःचे गुलाम त्यांनी पूर्वीच मुक्त केले होते. पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला तो १८३९ साली, म्हणजे निकालाच्या अठरा वर्षे आधी.

“फादर, हे टॉनी मिस्साला जात असत का?” मुलाने विचारले.

“जात असत. मोठे भाविक होते.”

“मग तिथल्या फादरांनी त्यांना काहीच सांगितले नाही?”

आम्हांला उत्तर ठाऊक होते, पण ते जिभेवर येईना. टॉनी ज्या मेरीलँडचे, तेथील येशूसंघीय धर्मगुरूंनीच १८३८ साली आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम, बायकापोरांसह, लुइझियानातील मळेवाल्यांना विकावयास काढले. आलेल्या पैशातून जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडले. शेवटी आम्ही ते सांगितले. २०१७ साली त्यांच्या वंशजांसमोर जाहीर क्षमायाचना झाली, हेही सांगितले.

“म्हणजे १७९ वर्षांनी,” तो म्हणाला. त्याचा हिशेब पक्का आहे.

मग त्याने व्याख्यान मागे नेले आणि स्कॉटचा भाग पुन्हा लावला.