आधी शिका, मग फासा टाका

बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना, हंगामी वसतिगृहं सांभाळणाऱ्यांना आणि कॉलेजातल्या पोरापोरींना माझी कळकळीची विनंती आहे. लुडोच्या डब्यातले दोन फासे घ्या आणि गावातल्या मुलांना गोष्टीचा खेळ शिकवा.

खेळ सोपा आहे. एक जण सूत्रधार होतो, चार-पाच जण गोष्टीतली माणसं होतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, समोरचा ‘मी असं करतो’ म्हणतो, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे पडतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रूढ झाला. आपल्याला राक्षस आणि भुयारं नसली तरी चालतील. बालाघाटातली वाट, आटलेली विहीर, फडावरची रात्र एवढ्यावर भरपूर गोष्टी रचता येतात.

नियम असा ठेवा. दोन फाशांची बेरीज ८ किंवा त्याहून जास्त आली, तर काम जमलं. दोन फासे ३६ प्रकारे पडतात, त्यांतल्या १५ प्रकारांत हे दान पडतं. जो ते काम शिकलेला आहे, त्याच्या बेरजेत २ मिळवा; त्याला ३६ पैकी २६ वेळा यश येतं. ज्याने ते कधी शिकलंच नाही, त्याच्या बेरजेतून ३ वजा करा. त्याला ११ किंवा १२ पडावे लागतात, आणि ते ३६ पैकी ३ वेळाच पडतात. ‘ट्रॅव्हलर’ या खेळाच्या २००८ च्या आवृत्तीत असाच हिशोब आहे. हे ३६ प्रकार मुलांना स्वतः वहीत मांडू द्या. नशीब सगळ्यांना सारखंच मिळालं तरी शिकलेला माणूस पुढे का जातो, ते त्यांना आकड्यांत दिसेल.

आता खरा मुद्दा. सगळी कामं एका मापाची नसतात, हे या खेळांनी फार नीट ओळखलं आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या आवृत्तीत चढणं, पोहणं कुणीही करून पाहू शकतो; पण कुलूप उघडायला किंवा सापळा निकामी करायला शिकलेलंच असावं लागतं, नाहीतर फासाच टाकता येत नाही. ‘कॉल ऑफ कथुलू’च्या सातव्या आवृत्तीत तर न शिकलेल्या माणसालाही प्रथमोपचाराची शंभरात ३० संधी असते, पण वैद्यकाची फक्त १.

हा ३० आणि १ मधला फरक आपल्या शिवारात जीव वाचवतो. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलं, तर प्रत्येकाला करता येण्यासारखं थोडंच आहे: माणसाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा, सर्पविषावरचं इंजेक्शन असलेला दवाखाना गाठा. चिरा देणं, विष चोखणं, दोरी करकचून आवळणं हे उपाय नाहीत. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला बेशुद्ध पडला, तर त्याच्या मागोमाग उतरू नका. आत हवा विषारी असू शकते. डीपीवर फ्यूज टाकायला स्वतः चढू नका, वायरमनला बोलवा. ‘बघू, जमलं तर जमलं’ हे वाक्य अशा ठिकाणी आपली माणसं नेतं. म्हणून हे प्रसंग खेळात आणा आणि सूत्रधाराने तिथे स्पष्ट सांगावं, इथे फासा नाही.

दुसरी गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. खेळात प्रत्येक पात्राच्या कागदावर त्याला काय येतं ते लिहितात. दिवाळीच्या सुमारास ज्यांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्या मुलांना आईवडिलांची कौशल्यं लिहायला सांगा. ऊस बुडख्याशी तोडणं, पाचट काढणं, मोळी आवळणं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणं. याला अनेकदा अकुशल काम म्हटलं जातं. शहरातल्या माणसाने ती फळी चढून पाहावी. त्याच्या बेरजेतून ३ वजाच होतील. आपल्या आईला काय येतं हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलं, ते तिच्या कष्टाला कमी लेखणार नाही.

काही पालक म्हणतील, फासे म्हणजे जुगार. त्यांची काळजी रास्त आहे. खेळात एक रुपयाही लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा. मग त्यांना नळराजाची आठवण करून द्या. तो द्यूतात राज्य हरला, पुढे ऋतुपर्ण राजाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकला, बदल्यात त्याला अश्वविद्या दिली, आणि मग राज्य परत मिळवलं. पांडवांच्या वनवासात बृहदश्व ऋषींनी ही कथा द्यूतात हरलेल्या धर्मराजाला सांगितली आणि त्यालाही ती विद्या दिली. हरलेल्याला त्यांनी नुसता धीर दिला नाही, शिकवलं.

तेव्हा सूत्रधाराने दर वेळी दोन प्रश्न विचारावेत. हे तुला येतं का? आणि नाही जमलं तर काय जाईल? जाणार फक्त वेळ किंवा थोडी फजिती असेल, तर न येणारं कामही बेलाशक करून पाहा. नवशिका असाच शिकतो. जाणार जीव असेल, तर ज्याला येतं त्याला हाक मारा, आणि पुढच्या वेळेसाठी त्याच्याकडून शिकून घ्या. शाळेत आठवड्याची एक तासिका आणि दोन फासे एवढंच लागतं. या आठवड्यापासून सुरू करा.